आमच्या रस्त्याचं कुणाला विचारायचं?

लालबागच्या एका चाळीत नगरसेविकेनं रहिवाशांपुढे कामांचा आढावा मांडला. सभा संपल्यावर तिथल्याच एका जुन्या रहिवासी मावशींनी तिला थांबवून घेतलं. दोघीही कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारी ठिकाणं, तारखा आणि आकडे मात्र खरे आहेत.

मावशी : तू सगळं नीट सांगितलंस गं, पण मला मुळापासून सांग. मधली चार वर्षं गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं तेच कळत नव्हतं.

नगरसेविका : खरंय मावशी. महापालिकेच्या आधीच्या सभागृहाची मुदत 7 मार्च 2022ला संपली आणि मतदान झालं ते थेट 15 जानेवारी 2026ला. तोवर मुंबईच्या 227 प्रभागांपैकी एकातही नगरसेवक नव्हता. आयुक्त हेच प्रशासक, सगळे निर्णय त्यांचेच. कामं थांबली असं नाही. रस्ते सिमेंटचे करायचं एवढं मोठं काम याच काळात निघालं, दोन टप्प्यांत मिळून 701 किलोमीटर. पण आधी कुठला रस्ता खणायचा, एकाच वेळी शेजारचे दोन का खणले, हे सभागृहात उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं.

मावशी : आता तू आहेस. म्हणजे तुझ्या हुकमानं कामं होणार?

नगरसेविका : हुकूम माझा चालत नाही. आपल्या एफ दक्षिण वॉर्डाचा कारभार सहायक आयुक्त बघतात, मोठे रस्ते रस्ते खात्याकडे असतात. मी प्रभाग समितीत जाब विचारू शकते, अर्थसंकल्पात काम घालायला लावू शकते, निधी देऊ शकते. आणि एखादं काम नेमकं कुणाचं, हे शोधून त्या माणसाला गाठू शकते. सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

मावशी : कुणाचं म्हणजे? रस्ता महापालिकेचाच की!

नगरसेविका : वरचा थर महापालिकेचा. खाली पाण्याची लाइन एका खात्याची, मलवाहिनी दुसऱ्याची, पावसाच्या पाण्याची गटारं तिसऱ्याची. विजेची केबल बेस्टची, गॅसची पाइपलाइन महानगर गॅसची, वर इंटरनेटवाल्यांचं जाळं. रस्त्यावरचे दिवे शहर भागात बेस्ट बघते. सिग्नल महापालिका बसवते आणि चालवतात वाहतूक पोलीस. म्हणून तर गुळगुळीत रस्ता झाला की महिन्याभरात कुणीतरी चर खणायला येतं.

मावशी : आणि चर बुजवतात तो असा, की रिक्षातनं उतरल्यासारखी पाठ दुखते. आपल्याकडे रिक्षा नाहीत म्हणून टॅक्सी म्हण!

नगरसेविका : सिमेंटच्या रस्त्यात तर तो धोका जास्त. डांबर उकरून परत घालता येतं, काँक्रीटची लादी एकदा कापली की सांधा कायमचा कच्चा. म्हणून काँक्रीट पडायच्या आधी खालच्या सगळ्या लाइनी तपासून बदलायच्या आणि पुढच्या केबलींसाठी डक्ट ठेवायचे, असा नियम आहे. आपल्याला बोलायचं असेल तर ते खोदकाम उघडं असतानाच. ‘आमच्या नळाची जोडणी गंजलीय’ हे काँक्रीट पडल्यावर सांगून उपयोग नाही.

मावशी : पण माल चांगला की वाईट, हे आम्हा बायकांना काय कळणार?

नगरसेविका : कळतं, मी दाखवते. मिक्सरची गाडी आली की तिथंच एक लोखंडी शंकू मांडतात, फूटभर उंच, वर-खाली उघडा. त्यात काँक्रीट तीन थरांत भरतात, दर थराला सळईनं पंचवीस ठोके देतात आणि शंकू सरळ वर उचलतात. मग ढीग किती खाली बसला ते पट्टीनं मोजतात. ठरल्यापेक्षा जास्त बसला तर मालात पाणी जास्त आहे, आणि पाणी वाढलं की ताकद गेली. त्याच मालाचे सहा इंची ठोकळे भरून ठेवतात आणि 28 दिवसांनी यंत्रात दाबून फोडून बघतात. दुसऱ्या टप्प्याच्या रस्त्यांची तपासणी आयआयटी मुंबईकडेही दिली आहे. तुम्ही एवढंच करा. शंकू मांडला का, आकडा वहीत लिहिला का, विचारा. आणि नंतरचे काही दिवस काँक्रीटवर गोणपाट ओलं ठेवतात का, ते गॅलरीतून बघा. उन्हात सुकू दिलेल्या रस्त्याला भेगा पडतातच.

मावशी : मला खरी भीती वाटते ती झाकणांची. पावसात घोटाभर पाणी आलं की खाली काय आहे ते दिसत नाही. ते डॉक्टर गेले ना एल्फिन्स्टनला.

नगरसेविका : डॉ. दीपक अमरापूरकर. 29 ऑगस्ट 2017. गाडी अडकली म्हणून उतरून चालत घरी निघाले होते. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून मॅनहोलचं झाकण काढलेलं होतं, पाण्याखाली उघडं तोंड दिसलं नाही. दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याला मृतदेह मिळाला. त्यानंतर झाकणाखाली लोखंडी जाळ्या बसवायला सुरुवात झाली. उच्च न्यायालयानंही यावरून महापालिकेला धारेवर धरलं. पण मावशी, जाळी बसवली तरी पावसात झाकणाला हात लावायचा नाही, हे आपल्या पोरांना सांगायलाच हवं. मदत म्हणून उघडलेल्या झाकणानंही माणूस जातो. महापालिकेच्या 1916ला फोन करा, मला करा.

मावशी : पाणी तुंबतं म्हणूनच ना उघडतात! हिंदमाता चौकातलं पाणी या जन्मात उतरेल का?

नगरसेविका : हिंदमाता म्हणजे परातीचा मध्य. दादर, परळ, नायगाव, सगळीकडचं पाणी तिथं उतरतं. शहराची जुनी गटारं ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, तीही ओहोटी असेल तर. भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेतच नाही. 2005च्या 26 जुलैच्या महापुरानंतर क्षमता दुप्पट करायचं काम पुढे सरकलं, ब्रिटानियासारखी पंपिंग स्टेशनं झाली, तरी हिंदमाता बुडायचीच. शेवटी प्रमोद महाजन कला पार्क आणि झेवियर्स मैदानाच्या पोटात टाक्या बांधल्या. भरती असेपर्यंत पाणी तिथं साठवायचं, ओहोटी लागली की उपसून सोडायचं. पाणी आता पूर्वीसारखं तासन्‌तास उभं राहत नाही. पण थोड्या वेळात फार पाऊस आणि वर भरती असली, तर साचणारच. ‘यंदा तुंबणार नाही’ असं मी सभेत म्हणाले नाही, ते म्हणूनच.

मावशी : आणि पूल? एल्फिन्स्टनचा पूल पाडला, तेव्हापासून प्रभादेवीला जायचं म्हणजे वनवास.

नगरसेविका : तो पूल शंभरहून जास्त वर्षांचा. 12 सप्टेंबर 2025ला बंद झाला. त्याजागी दुमजली पूल होतोय, खालून आपली वाहतूक, वरून शिवडी-वरळी जोडरस्ता अटल सेतूला. काम एमएमआरडीएचं, रुळांवरचं काम महारेलचं. इथे महापालिकेचा शब्द फार चालत नाही, हे मी लपवणार नाही. बंद झाला तेव्हा सगळा भार दादरच्या टिळक पुलावर आणि करी रोड, चिंचपोकळीच्या पुलांवर आला. करी रोडचा पूल सकाळी एका दिशेनं आणि दुपारनंतर उलट, असा चालवावा लागला. केईएम आणि टाटा रुग्णालयांत जाणाऱ्या रुग्णवाहिका त्याच गर्दीत. माझं भांडण तारखेसाठी आहे. डिलाइल रोडचा पूल जुलै 2018मध्ये बंद झाला आणि पूर्ण उघडायला नोव्हेंबर 2023 उजाडला. रुळांवरचा भाग रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे उतार महापालिकेचे, आणि खोळंबा मात्र लोकांचा.

मावशी : आणि चालणाऱ्यांचं काय? एल्फिन्स्टन स्टेशनच्या त्या जिन्यावर चेंगरून तेवीस माणसं मेली. मी विसरले नाही.

नगरसेविका : 29 सप्टेंबर 2017. कुणीही विसरू नये. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, लाखो माणसं यायला लागली आणि जिना मात्र गिरणीच्या काळाचा. नंतर लष्करानं तिथे पादचारी पूल बांधला, फेब्रुवारी 2018मध्ये उघडलासुद्धा. म्हणजे मनावर घेतलं तर पाच महिन्यांत पूल होतो. सुरक्षा म्हटलं की लोक माझ्याकडे कॅमेरे मागतात. ते पोलिसांच्या प्रकल्पातले, मी पत्र देईन. पण रुंद जिना, सलग फुटपाथ आणि पेटणारे दिवे मला आधी हवेत.

मावशी : फुटपाथवर गणपतीच्या मंडपाचे खड्डे आपलीच मंडळं करतात गं.

नगरसेविका : करतात. 2025मध्ये महापालिकेनं खड्ड्यामागे 15 हजारांचा दंड लावला. मंडळं चिडली आणि तो परत 2 हजारांवर आला. मी मंडळांच्याच बाजूची, लालबागची आहे. तरी सांगते, खांबासाठी खणलेला खड्डा विसर्जनानंतर मंडळानंच बुजवला पाहिजे. मंडपाला खड्ड्याशिवाय आधार देता येतो, काही मंडळं देतातही.

मावशी : बरं, आपल्या गल्लीचं काम पावसाआधी संपेल?

नगरसेविका : रस्त्याच्या कामांना 31 मेची मुदत असते. तोवर न होणारा तुकडा खणूच नका, असं मी लेखी दिलंय. सोमवारी दहाला इंजिनिअरला घेऊन येते. कुठली झाकणं हलतात ते तुम्ही दाखवाल?

मावशी : तीन तर मीच दाखवते. एक अगदी शाळेच्या फाटकासमोर आहे, पहिलं तेच.