ई-मेलमधील काळाचा हिशेब

रोजकीर्दीत तारखेला जे महत्त्व, तेच व्यावसायिक पत्रव्यवहारात क्रियापदाच्या काळाला. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि घराबाहेर कन्नडची सोबत लाभली. इंग्रजी ई-मेल लिहिताना या दोन्ही भाषांच्या सवयी कोठे आड येतात, ते येथे मांडतो.

आपण सहज म्हणतो, 'काल चेक पाठवला आहे.' कन्नडमध्येही 'निन्ने चेक कळिसिद्देने' चालते. इंग्रजीत मात्र 'यस्टरडे' आले की 'हॅव सेंट' बसत नाही. तेथे 'आय सेंट द चेक यस्टरडे' असा साधा भूतकाळच हवा. केव्हा पाठवला हे न सांगता काम झाले आहे एवढेच कळवायचे असेल, तर 'आय हॅव सेंट द चेक' योग्य.

दुसरी सवय 'होते'ची. 'सोमवारी बिल पाठवले होते' हे मराठीत पुरेसे आहे. इंग्रजीतील 'हॅड सेंट'ला मात्र भूतकाळातील दुसऱ्या घटनेचा आधार लागतो. उदाहरणार्थ, तुमचा फोन आला, त्याआधीच बिल पाठवले होते. असा आधार नसेल तर नुसते 'सेंट' पुरे.

तिसरी सवय, 'उद्या पैसे पाठवतो.' येथे मराठीत वर्तमानकाळ भविष्याचे काम करतो. इंग्रजीत 'विल सेंड' लिहावे.

वाणिज्य शाखेत ही केवळ व्याकरणाची बाब नाही. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या उधारीच्या वसुलीचा दावा सामान्यतः ३ वर्षांत करावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर कलम १८ नुसार तेव्हापासून मुदत नव्याने मोजतात. ही कबुली चालू देण्याची असावी लागते. 'आम्ही देणे लागतो' म्हटले की देणे आज उभे आहे. 'देणे लागत होतो' म्हटले की ते फिटले की राहिले, असा वाद उभा राहतो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिली असल्यामुळे ई-मेलमधील शब्दही पुराव्यात येऊ शकतो.

म्हणून मी आधी तारीख लिहितो आणि मग क्रियापद निवडतो. काम झाले का? केव्हा, हे वाक्यात आहे का? देणे आज बाकी आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की काळ सहसा चुकत नाही.