रक्त तपासून फुप्फुसाचा कॅन्सर कळतो का?

प्रश्न : वडील कोळसा खाणीत होते, बिडीही ओढायचे. तीन महिन्यांपासून खोकला आहे. टीबीच्या गोळ्या चालू आहेत, पण उतार नाही. रक्ताच्या डीएनए तपासणीत कॅन्सर कळतो म्हणतात. मग सुई घालून तुकडा काढणं टळेल का?
– एक वाचक, बल्लारपूर

उत्तर : नाही, टळणार नाही. आणि आधी सीटी स्कॅन करा, याच आठवड्यात. आपल्या भागात टीबी इतका की एक्स-रेवरचा डाग टीबीचाच धरला जातो आणि कॅन्सर असला तर मोलाचे महिने निघून जातात.

आता रक्ताचं. मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. असे सुटे तुकडे १९४८ साली फ्रान्समध्ये मांदेल आणि मेते यांना प्रथम सापडले. गाठीतून आलेल्या तुकड्यांवर तिच्या खुणा असतात : एखाद्या जनुकातला बदल, किंवा डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल गटांची वेगळी ठेवण. पण लहान गाठीतून येणारे तुकडे फारच थोडे, निरोगी पेशींच्या तुकड्यांत ते हरवतात. जेव्हा कॅन्सर लवकर सापडायला हवा, नेमकी तेव्हाच ही तपासणी जास्त चुकते. अहवालात काही आलं नाही, म्हणून निर्धास्त राहू नका.

तिचा खरा उपयोग निदानानंतर. भारतात फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या कॅन्सरच्या साधारण एक चतुर्थांश रुग्णांत ईजीएफआर जनुकात बदल आढळतो आणि त्यावर गोळ्या आहेत. हा बदल रक्तातून शोधणाऱ्या तपासणीला अमेरिकेत २०१६ साली मंजुरी मिळाली. बायोप्सीत, म्हणजे सुईने, काढलेला तुकडा अपुरा पडला तर ती फार कामाची. पुढचा अंदाजही येतो, कारण हे तुकडे रक्तात काही तासच टिकतात, म्हणजे रक्त आजची स्थिती सांगतं. उपचारानंतर ते नाहीसे झाले तर चांगलं लक्षण. ऑपरेशननंतरही सापडत राहिले, तर कॅन्सर उलटण्याची भीती, कधी कधी स्कॅनमध्ये दिसण्याच्या कित्येक महिने आधी. किती दिवस उरले, हे मात्र त्यावरून कुणी सांगू नये.

गडचिरोलीसारख्या दुर्गम भागाच्या दृष्टीने मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. साध्या नळीतल्या रक्तातून काही तासांत प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचाच डीएनए मिसळतो. पेशी टिकवणाऱ्या खास नळीत रक्त काही दिवस चालतं. म्हणजे तिथल्या सिरोंचा-भामरागडच्या रुग्णाऐवजी त्याचं रक्त नागपूर-मुंबईला जाऊ शकतं. ही सोय जिल्हा रुग्णालयांत व्हायलाच हवी.

तुम्हाला नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय जवळ आहे. जाताना जुने सगळे एक्स-रे आणि थुंकीचे अहवाल सोबत न्या. टीबीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.