कामगार कोण, कामाची जागा कोणती? : जयपूरचा धडा

कामगारविषयक कोणताही कायदा उघडला की आरंभीच व्याख्यांचे कलम येते. कर्मचारी कोणाला म्हणावे, मालक कोणाला म्हणावे, कामाची जागा कोणती, याचा खुलासा त्यात केलेला असतो. सामान्य वाचक हे कलम रुक्ष समजून ओलांडून जातो. परंतु कामाच्या ठिकाणी भेदभाव सोसलेली व्यक्ती दाद मागायला उभी राहते, तेव्हा तिची पहिली अडवणूक पुष्कळदा याच कलमापाशी होते. अन्याय झालाच नाही हे सिद्ध करीत बसण्यापेक्षा ‘ही व्यक्ती आमच्या नोकरीतच नाही’ असे म्हणून मोकळे होणे मालकाला सोयीचे असते. आणि मालक खुद्द शासन असले तरी हा मोह त्यालाही सुटत नाही.

राजस्थानातील काही स्त्रियांनी हा प्रश्न आधी मजुरीच्या आणि मग मानधनाच्या कामावरून ऐरणीवर आणला. आज देशातील कोणत्याही कचेरीत तक्रार समितीचे नाव फलकावर लागलेले दिसते, त्याचा उगम जयपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरील एका खेड्यात आहे. त्या वाटचालीचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

दुष्काळी काम म्हणजे उपकार काय?

पहिला प्रसंग अजमेर जिल्ह्यातील. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्याने हरमाडा गावाजवळ एका रस्त्याचे काम काढले होते. कामावर बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्यांतील पुष्कळ जणी अनुसूचित जातींतील होत्या. त्या वेळी राज्यातील किमान वेतन दिवसाला सात रुपये होते. परंतु मजुरांच्या टोळ्या पाडून, टोळीने केलेल्या एकूण कामाच्या मापावरून मजुरी वाटली जाई आणि बहुतेकींच्या हाती सात रुपयांहून कमी पैसे पडत. तिलोनिया येथील सामाजिक कार्य व संशोधन केंद्राचे संचालक संजित रॉय यांनी हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात नेले.

राज्याच्या बाजूने १९६४ च्या एका कायद्याचा आधार घेण्यात आला. दुष्काळ निवारणाच्या कामांना काही कामगार कायदे लागू होणार नाहीत, अशी सूट त्या कायद्याने दिली होती. ही नोकरी नसून साहाय्य आहे, असा त्यामागचा विचार. १९८३ साली न्यायालयाने तो फेटाळला. शासन मजुराकडून काम करवून घेते आणि त्या श्रमातून समाजाच्या उपयोगाचा रस्ता तयार होतो; तेव्हा मोबदला हा उपकार ठरू शकत नाही. किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करवून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली सक्तीची मजुरी होय, असा निर्णय झाला. कामाला दिलेल्या नावावरून काम करणाऱ्याचा हक्क कमी होत नाही, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले.

भटेरीची साथिन

त्याच सुमारास, १९८४ साली, राजस्थान शासनाने महिला विकास कार्यक्रम सुरू केला. त्यात गावोगावच्या स्त्रियांना ‘साथिन’ म्हणून नेमण्यात आले. साथिन गावातच राहणारी असे. पाणी, आरोग्य, शिक्षण, किमान मजुरी अशा प्रश्नांवर तिने गावातील स्त्रियांशी बोलावे, योजनांची माहिती द्यावी, अनिष्ट प्रथांना आळा घालावा, अशी अपेक्षा होती. या कामाबद्दल तिला अल्पसे मानधन मिळे. जयपूर जिल्ह्यातील भटेरी गावच्या भंवरीदेवी १९८५ मध्ये साथिन झाल्या. त्या कुंभार समाजातील.

राजस्थानात अक्षय तृतीयेला, तेथील भाषेत आखातीजला, बालविवाह मोठ्या संख्येने लागत. १९९२ मध्ये या मुहूर्तावरील बालविवाह रोखण्याची मोहीम शासनाने हाती घेतली आणि साथिनींवर गावातील विवाह थांबविण्याची जबाबदारी आली. भटेरीत एका प्रतिष्ठित घरातील, वर्षाचीही न झालेल्या मुलीचा विवाह ठरला होता. भंवरीदेवींनी त्या कुटुंबाची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. पोलीस येऊन गेले, तरी विवाह मागाहून उरकला गेलाच. पोलिसांना बोलावल्याचा राग मात्र साथिनीवर निघाला. गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. २२ सप्टेंबर १९९२ रोजी त्या पतीसह शेतात काम करीत असता पाच जणांनी पतीला मारहाण केली आणि त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला, अशी त्यांची फिर्याद आहे.

पुढील कथा सरकारी दिरंगाईची आहे. वैद्यकीय तपासणी होईपर्यंत बावन्न तास उलटले होते. १९९३ च्या डिसेंबरात राजस्थान उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. एम. तिबरेवाल यांनी आरोपींना जामीन नाकारला आणि विवाह रोखू पाहिल्याचा हा सूड होता, असे मत नोंदविले. परंतु नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. निकालपत्रात वय आणि जात यांवरून काढलेल्या अनुमानांवर देशभर टीका झाली. या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात केलेले अपील वर्षानुवर्षे पडून राहिले आणि आरोपींपैकी काही जण त्या काळातच मरण पावले.

फौजदारी खटल्याहून निराळा असा एक प्रश्न येथे उभा राहिला. ज्या कामासाठी शासनाने ही स्त्री नेमली, त्याच कामामुळे ती संकटात सापडली. मग तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी नेमणाऱ्याची नव्हे काय? शासनाने ती स्वीकारली नाही. साथिन ही मानधनावरची कार्यकर्ती; घटना घडली ती तिच्या स्वतःच्या शेतात. रूढ अर्थाने ती नोकर नव्हती आणि शेत ही कचेरी नव्हती.

विशाखा निकाल

जयपूरच्या ‘विशाखा’ या संस्थेने इतर महिला संघटनांसह सर्वोच्च न्यायालयात रिट अर्ज दाखल केला. एका खटल्यातील आरोपींना शिक्षा मिळवणे हा त्याचा हेतू नव्हता. काम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला सुरक्षित वातावरणाचा हक्क आहे आणि तो राखण्याचे कर्तव्य मालकाचे आहे, हे न्यायालयाने सांगावे, अशी मागणी होती. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांनी निकाल दिला. लैंगिक छळ हा समानतेच्या, कोणताही व्यवसाय करण्याच्या आणि सन्मानाने जगण्याच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजेच, जी गोष्ट तोवर एखाद्या पुरुषाचे वैयक्तिक गैरवर्तन मानली जाई, ती लिंगावर आधारलेला भेदभाव म्हणून ओळखली गेली.

देशात त्या वेळी या विषयावर स्वतंत्र कायदा नव्हता. मात्र स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९९३ मध्ये मान्यता दिली होती. त्या कराराचा आधार घेऊन न्यायालयाने मार्गदर्शक नियम घालून दिले आणि संसद कायदा करीपर्यंत त्यांना कायद्याचेच बळ राहील, असे जाहीर केले. प्रत्येक आस्थापनेत तक्रार समिती असावी, तिची प्रमुख स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात आणि बाहेरची जाणकार व्यक्तीही असावी, ही रचना तेथून आली. या निकालपत्रात भंवरीदेवींचे नाव नाही, भटेरीचेही नाही. राजस्थानातील एका खेड्यात एका समाजकार्यकर्तीवर झालेल्या अत्याचाराचा केवळ उल्लेख आहे.

नियम झाले, पण पाळले जात नव्हते. त्याविरुद्ध पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. त्या प्रकरणातील २०१२ च्या निकालाने अंमलबजावणीतील ढिलाईवर कठोर बोट ठेवले. अखेर २०१३ साली संसदेने कायदा केला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो अमलात आला.

व्याख्या बदलल्या

या कायद्यातील व्याख्या वाचताना साथिनीचा प्रश्न समोर ठेवावा. कायम, हंगामी किंवा रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, शिकाऊ, मोबदला घेणारी अथवा न घेणारी, स्वेच्छेने काम करणारी, या सर्व व्यक्ती ‘कर्मचारी’ ठरतात. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचाही विचार केलेला आहे. ‘कामाची जागा’ म्हणजे केवळ कचेरीची चार भिंतींतील खोली नव्हे. कामानिमित्त जेथे जावे लागते ते प्रत्येक ठिकाण आणि मालकाने पुरविलेले वाहनही त्यात येते. छळ करणारा माणूस त्या आस्थापनेचा नोकर नसला, तरी स्त्रीची इच्छा असल्यास फौजदारी कारवाई सुरू करवणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

तक्रारीचा मार्ग असा आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. नसल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माणसे दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास मदत करणे समितीवर बंधनकारक आहे. चौकशी नव्वद दिवसांत संपली पाहिजे. चौकशी चालू असता तक्रारदार स्त्रीला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. तडजोड तिच्या इच्छेनेच होऊ शकते आणि पैसे घेऊन मिटवणे हा तडजोडीचा पाया असू शकत नाही. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

वेतनातील भेदभाव

भेदभावाचे दुसरे ठिकाण म्हणजे पगारपत्रक. १९७६ च्या समान वेतन कायद्याचा कस मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या प्रकरणात लागला. तेथे स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत असे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोघांच्या कामातील किरकोळ फरक मोजत बसू नये, कामाचे एकंदर स्वरूप पाहावे. आणि कायदा पाळणे मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहू शकत नाही. १९७६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून कमी वेतन देण्यास तिनेही मनाई केली आहे. अपंग व्यक्तींना २०१६ च्या आणि तृतीयपंथी व्यक्तींना २०१९ च्या कायद्याने नोकरीतील भेदभावाविरुद्ध संरक्षण मिळाले आहे.

वकील कोठून आणावा?

हक्क कागदावर असला तरी तो मागण्यासाठी जाणत्याची सोबत लागते. राज्यघटनेच्या ३९-अ या अनुच्छेदाने मोफत विधी साहाय्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्याची यंत्रणा उभी केली. तो कायदा नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि अपंग व्यक्ती यांना या साहाय्याचा हक्क आहे. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला दाखवावा लागत नाही. वकिलाची फी, न्यायालयाचे शुल्क, अर्ज तयार करणे, नकला मिळविणे हा खर्च प्राधिकरण करते. राजस्थानचे राज्य प्राधिकरण जयपूरला उच्च न्यायालयाच्या आवारात आहे. प्रत्येक जिल्ह्याला आपले प्राधिकरण असते आणि १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर देशात कोठूनही विचारणा करता येते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तक्रार समितीसमोर कोणत्याही पक्षाला वकील उभा करता येत नाही. त्यामुळे वकिलाचा खरा उपयोग आधी आणि नंतर होतो : आधी तक्रार नीट मांडताना, नंतर अपिलाच्या वेळी. नेमणुकीचे पत्र, हजेरी, पगाराच्या किंवा मानधनाच्या पावत्या, प्रशिक्षणाला बोलावल्याच्या सूचना, कामाची रोजनिशी, सोबत काम करणाऱ्यांची नावे हे सर्व जपून ठेवावे. ज्याच्या नोकरीवरच शंका घेतली जाणार आहे, त्याला अशा साध्या कागदांचाच आधार असतो.

मानधनाचा प्रश्न

व्याख्येचा वाद मात्र संपलेला नाही. गावोगावच्या अंगणवाडी सेविका साथिनींप्रमाणेच मानधनावर काम करतात. २००६ मध्ये कर्नाटकातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की त्यांचे पद शासकीय नागरी पद नव्हे. २०२२ मध्ये गुजरातच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की त्या उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत. त्यांच्या कामाचे स्वरूप पाहता त्यांना मिळणारे मानधन हे वेतनच होय. एकाच कामाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी सोळा वर्षांच्या अंतराने समोर आल्या.

समित्यांची स्थितीही अशीच आहे. गोव्यातील एका विद्यापीठाच्या प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला की सर्व शासकीय खात्यांत आणि संस्थांत समित्या खरोखर स्थापन झाल्या आहेत की नाहीत, याची पडताळणी करावी. म्हणजे विशाखा निकालानंतर पंचवीसहून अधिक वर्षांनीही फलकावरील नावामागे माणसे आहेत काय, हे विचारावे लागत होते.

भटेरीच्या साथिनीने नेमून दिलेले काम केले आणि त्याची किंमत एकटीने मोजली. तिच्या निमित्ताने झालेल्या कायद्याचा आधार आज लक्षावधी स्त्रियांना आहे. तिची स्वतःची फिर्याद मात्र फळाला आली नाही. म्हणून जिल्ह्याच्या स्थानिक समितीचे नाव व पत्ता आपल्या गावच्या अंगणवाडी सेविकेला, आशा सेविकेला आणि घरकाम करणाऱ्या बाईला ठाऊक आहे काय, हे प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि वाचनालयाने एकदा विचारून पाहावे. ठाऊक नसेल, तर तो कागद भिंतीवर लावण्यापासून आरंभ करता येईल.