रोजचे आकडे, तिमाहीचं उत्तर

जीडीपीचा आकडा जाहीर व्हायच्या आधी तो काय येईल ते सांगणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. एप्रिल ते जूनचा आकडा ऑगस्टअखेर येतो. तोवर मैदान आमचं.

१. रोज येणारा आकडा रोज काही सांगतोच असं नाही. विजेची मागणी रोज कळते. पण मे महिन्यात ती चढली तर कारखाने जोरात आहेत की घरोघरचे एसी, हे कळायला तापमान शेजारी मांडावं लागतं. शेअर बाजाराआधी हवामान बघणारा अर्थतज्ज्ञ, अशी घरात माझी ख्याती आहे.

२. मॉडेलला पंचांग कळत नाही. २०२२ साली दिवाळी ऑक्टोबरात होती, २०२३ साली नोव्हेंबरात. त्यामुळे औद्योगिक उत्पादन निर्देशांकाची वार्षिक वाढ ऑक्टोबर २०२३ मध्ये ११ टक्क्यांच्या वर गेली आणि पुढच्याच महिन्यात अडीचच्या आसपास उतरली. सुट्ट्या सरकल्या होत्या, एवढंच. जीएसटीची तऱ्हा वेगळी: मे महिन्यात जमा होणारा कर बहुतांशी एप्रिलच्या विक्रीवरचा. गणितापेक्षा तारखा जुळवण्यातच माझा जास्त वेळ जातो.

३. बारकाईची हाव आवरावी लागते. नव्वद दिवसांना नव्वद गुणांक द्यायला तेवढ्या तिमाह्यांचा इतिहास कुठे आहे? म्हणून ‘मिडास’सारखी पद्धत सगळ्या दिवसांचं वजन दोन-तीन गुणांकांच्या वक्ररेषेवर बसवते. त्यात एप्रिल-जून २०२० ची तिमाही आहेच: पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्के घसरण. ती ठेवली तर मॉडेल तिच्याकडेच झुकतं, वगळली तर सोयीचा तेवढा इतिहास उरतो. यावर मला अजून समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

४. सगळं जुळूनही आकडा हुलकावणी देतो. २९ फेब्रुवारी २०२४ ला ऑक्टोबर-डिसेंबरची वाढ जाहीर झाली: ८.४ टक्के. बहुतेकांचे अंदाज बरेच खाली होते. पण त्याच पत्रकात सकल मूल्यवर्धनाची वाढ ६.५ टक्केच होती! फरक करातून अनुदानं वजा करून उरणाऱ्या रकमेचा. अनुदानं घटली होती. हे ना मालवाहू ट्रकांची ई-वे बिलं सांगतात, ना वीज. आम्ही चुकलो की बरोबर होतो, यावर चहाच्या टेबलावर बराच वेळ वाद चालला.

५. ई-वे बिल साधारण ५० हजार रुपयांवरच्या मालाला लागतं. हातगाडीवाला आमच्या तक्त्यात येत नाही. २०११-१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत तिमाही जीडीपीतही असंघटित क्षेत्राची वाढ बरीचशी संघटित क्षेत्रावरूनच धरली जायची. म्हणजे आम्ही अंदाजाचाच अंदाज बांधत होतो, तोही दशांश चिन्हासकट.