वेदनाशामक औषधे : मात्रा आणि मर्यादा

डोके दुखले अथवा ताप चढला की दुकानातून एखादी गोळी आणून घ्यावी, ही चाल आपल्या नंदुरबार जिल्ह्यात शहरापासून सातपुड्यातील पाड्यांपर्यंत सर्वत्र आढळते. अक्कलकुवा व धडगावकडील कित्येक पाड्यांहून दवाखाना दूर असल्यामुळे अशी गोळी घरी ठेवण्यात वावगे काही नाही. तथापि जे औषध योग्य मात्रेत उपकारक, तेच मात्रा ओलांडताच अपायकारक होते. यास्तव या विषयाचा थोडा विचार आम्ही येथे करीत आहो.

प्रथम पॅरासिटामॉल घेऊ. प्रौढ माणसास एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम पुरेत. दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर असावे, आणि चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅम ही शेवटची हद्द समजावी. कृश प्रकृतीच्या, यकृताचा विकार असलेल्या व नित्य दारू पिणाऱ्या माणसाची हद्द याहून कमी असते; ती डॉक्टरांस विचारूनच ठरवावी.

मुलांची मात्रा वजनावरून काढतात : दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दिवसरात्र मिळून चारच वेळा. समजा, बालकाचे वजन १२ किलो आहे. तर एका वेळची मात्रा १२० ते १८० मिलिग्रॅम होईल. ज्या बाटलीवर ‘५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम’ असे लिहिले आहे, तिचे ५ मिलिलिटर योग्य होत. ‘५ मिलिलिटरमध्ये २५०’ असेल तर अडीच मिलिलिटरच पुरे. परंतु तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. तिचे ५ मिलिलिटर पाजल्यास ५०० मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या मात्रेच्याही जवळजवळ तिप्पट औषध पोटात जाईल! म्हणून घरातील चमचा न वापरता बाटलीबरोबरचे मापच वापरावे. तीन महिन्यांच्या आतील बालकास ताप आल्यास ते डॉक्टरांसच दाखवावे.

दुसरा धोका दुहेरी मात्रेचा. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. तापासाठी ६५० ची गोळी तीन वेळा आणि सर्दीसाठी ५०० असलेली गोळी तीन वेळा घेतली, तर बेरीज ३४५० होते. माणसास वाटते आपण दोन निरनिराळी औषधे घेतली. यकृतास मात्र ते एकच असते. या औषधाच्या थोड्या भागाचे शरीरात विष बनते व यकृत ते निरुपद्रवी करते. भार फार झाला म्हणजे यकृताच्या पेशी मरू लागतात. पहिल्या दिवशी बहुधा मळमळीपलीकडे काही दिसत नाही, आणि यातच खरा घात आहे. यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो आठ तासांच्या आत दिल्यास उत्तम गुण येतो. म्हणून मात्रा अधिक गेल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता, वेष्टन बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे.

आयबुप्रोफेन व ॲस्पिरिन यांनी जठरास व मूत्रपिंडास इजा होऊ शकते. डेंग्यूची शंका असल्यास रक्तस्रावाच्या भयामुळे ही दोन्ही वर्ज्य समजावी. तापकरी मुलांस ॲस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालील मुलांसाठी भारत सरकारने २०११ साली बंदच केले.

आपल्या आदिवासी बांधवांत सिकलसेलचा आजार बराच आढळतो. त्यात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवितात व असह्य कळा येतात. अशा वेळी भरपूर पाणी, ऊब व योग्य मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे. या रोगात मूत्रपिंडेही दुबळी होत असल्याने आयबुप्रोफेन डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये. कळ थांबली नाही, ताप आला, छाती दुखली अथवा धाप लागली, तर गोळीवर गोळी न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

विद्यार्थी मित्रहो, ज्या घरी वडील मंडळींस अक्षरओळख नाही, तेथे वेष्टनावरील नाव, प्रमाण व मुदत वाचून सांगणे हे तुमचे काम आहे. औषध दिल्याची वेळ कागदावर टिपून ठेवा. शरीर ही ईश्वराने आपल्या हाती सोपविलेली ठेव आहे. शाळेत शिकलेले त्रैराशिक तिच्या रक्षणार्थ उपयोगी पडले, तर ती विद्या सार्थकी लागली असे आम्ही समजू.