नातू, आजी आणि मूत्राशयातील विकरे

बालरोगतज्ज्ञाने वार्धक्यातील मूत्राशयावर लिहावे, हे स्मरणिकेच्या वाचकांस काहीसे विचित्र वाटेल. निमित्त घडले ते असे. जोयडा तालुक्यातील कुंभारवाड्याहून एक आजी आपल्या सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. नातू रात्री अंथरूण ओले करीत असे. तपासणी करून मी धीर दिला, की अशा मुलांपैकी दरवर्षी सुमारे १५ टक्के मुलांची ही सवय उपचारांवाचूनच सुटते. दाराशी पोहोचल्यावर आजी हळूच म्हणाल्या, "दाक्तर, त्याचं थांबेल. माझं सुरू झालंय, त्याचं काय?"

दोन वर्षे त्यांनी हे कोणास सांगितले नव्हते. दिवेलागणीनंतर पाणी पिणे सोडले होते. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातले ते गाव, संडास परसाच्या टोकाला, आणि पावसाळ्यातली निसरडी वाट. रात्रीतून चार वेळा त्या वाटेने जाणाऱ्या वृद्धेचे खुब्याचे हाड मोडणे ही काही दूरची शक्यता नव्हे.

मूत्राशयाच्या भिंतीतील डिट्रुसर हा अनैच्छिक स्नायू. लघवीच्या वेळी मज्जातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन स्रवते आणि स्नायूपेशीवरील मस्करिनिक ग्राहकांवर बसते. या ग्राहकांत एम-२ संख्येने अधिक, परंतु आकुंचनाची मुख्य सूत्रे एम-३ कडे. पेशीतील कॅल्शियम वाढते, ते कॅल्मोड्युलिनशी जोडले जाते आणि मायोसिन लाइट चेन कायनेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, जागे होते. ते मायोसिनला फॉस्फेट जोडते व स्नायू आवळतो. मायोसिन फॉस्फेटेज हे दुसरे विकर तोच फॉस्फेट काढून घेते व स्नायू सैलावतो. रो-कायनेज हे तिसरे विकर या फॉस्फेटेजचा हात धरून ठेवते. त्यामुळे तेवढ्याच कॅल्शियममध्ये आकुंचन अधिक काळ टिकते. मूत्राशय भरत असताना मात्र बीटा-३ ग्राहकांमार्फत ॲडेनिलिल सायक्लेज चालू राहते आणि स्नायूस सैल ठेवण्यास साहाय्य करते. आवळणे आणि सैलावणे यांतील हा तोल म्हणजेच लघवीवरील ताबा.

वय वाढते तसे यात काय बिघडते? मानवी मूत्राशयाच्या पट्ट्यांवरील प्रयोगांत असे दिसले, की वयोमानाने ॲसिटिलकोलीनचा वाटा घटतो आणि एटीपी या दुसऱ्या संदेशवाहकाचा वाढतो. पुरुषांच्या मूत्राशयात एम-३ ग्राहकांचे प्रमाण वयानुसार कमी होत असल्याचेही आढळले आहे. रो-कायनेजादी विकरांविषयीचा पुरावा बहुतांशी उंदरांवरील प्रयोगांतला असून तो एकाच दिशेने बोलत नाही. म्हणून "वयाने अमुक विकर घटते" असे छातीठोक विधान मी करणार नाही. शिवाय सारा दोष विकरांवर टाकणेही योग्य नव्हे. रक्तवाहिन्या अरुंद होऊन स्नायूस प्राणवायू कमी मिळतो, स्नायुतंतूंमध्ये कोलॅजेन वाढते.

याचा परिपाक म्हणून एक विलक्षण अवस्था उद्भवते. रेझनिक आणि याल्ला यांनी १९८७ साली तिचे वर्णन केले: मूत्राशय अवेळी आवळतो, पण पूर्ण रिता होण्याइतके बळ त्यात नसते. रुग्ण सांगतो, "धरवत नाही." आपण तेवढेच ऐकतो आणि ऑक्सिब्युटिनिनसारखे औषध लिहितो. ते एम-३ ग्राहक अडवते, आधीच दुबळा स्नायू आणखी दुबळा होतो, लघवी तुंबते. वृद्धांत स्मृतीवरही परिणाम होतो.

ॲसिटिलकोलीनेस्टरेज या विकराची ओळख आम्हा बालरोगतज्ज्ञांना निराळ्या वाटेने होते. कीटकनाशक पोटात गेलेले मूल लाळ गाळत, कपडे ओले करून येते, कारण ऑर्गॅनोफॉस्फेट ते विकर बंद पाडते. स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिल हेच कार्य सौम्यपणे करते. मग लघवी सुटू लागते, आणि ती थांबवण्यास उलट कार्याचे औषध दिले जाते! औषधांची अशी साखळी २००५ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील अभ्यासात स्पष्टपणे दाखवली गेली.

आजींनाही कुणीतरी "लघवी कमी होण्याची" गोळी दिली होती. त्यानंतर त्यांचे ओटीपोट जड राहू लागले होते. गोळी थांबवून मी त्यांना फिजिशियन मित्राकडे पाठवले. सोनोग्राफीत लघवी केल्यावरही मूत्राशयात सुमारे २०० मिलिलिटर उरत असल्याचे दिसले. साखर ठीक होती. मात्र रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी त्या संध्याकाळी घेत होत्या. ती सकाळी घेण्यास सांगितले, बद्धकोष्ठतेवर उपाय केला, एकदा लघवी झाल्यावर थोडे थांबून पुन्हा बसण्यास शिकवले. दिवसा पाणी पोटभर प्यायचे. मुलाने पडवीतच झाकणाचे भांडे आणि कंदील ठेवला.

तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा रात्रीच्या खेपा चारांवरून दोनांवर आल्या होत्या आणि शिल्लक लघवी निम्म्याहून कमी झाली होती. नातवाचे अंथरूण अजून अधूनमधून ओले होते.