हस्त बहार धरण्याआधी तेल्याचा बंदोबस्त

पावसाने उघडीप दिली की डाळिंबाच्या पट्ट्यात हस्त बहाराची तयारी सुरू होते. सांगोला असो, आटपाडी असो की सटाणा, पहिली विचारणा दुकानात होते: तेल्यावर नवीन काय आले आहे? तेल्या हा डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग. अशा रोगांचा अभ्यास करणारा म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की दुकानात जाण्याआधी छाटणीची कात्री हातात घ्या. या रोगाचा निकाल बराचसा विश्रांतीच्या काळातच लागतो.

आधी रोगाची खात्री करा. पान उन्हाकडे धरले की तेल्याचा डाग पाणी मुरल्यासारखा, तेलकट दिसतो. जुना झाला की मधे काळपट होतो आणि भोवती पिवळी कडा येते. सर्कोस्पोरा बुरशीचे ठिपके कोरडे असतात, त्यांत हा ओलसरपणा नसतो. शंका राहिली तर डागाच्या कडेचा पातळ काप ब्लेडने घ्या, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली दाखवा. जिवाणू असतील तर कापाच्या कडेतून धुरासारखा स्राव पाण्यात पसरताना दिसतो. ही तपासणी काही मिनिटांची आहे. ती न करता बुरशीच्या डागांवर जिवाणूची औषधे मारली जातात, तेव्हा पैसाही जातो आणि रोगही तसाच राहतो.

हा जिवाणू झँथोमोनास कुळातला, लिंबावर खैऱ्या आणणाऱ्या जिवाणूचा जवळचा भाऊबंद. भारतात डाळिंबावर त्याची पहिली नोंद १९५२ ची, दिल्लीतली. महाराष्ट्रात त्याने खरे थैमान घातले ते २००० नंतरच्या दशकात. कसमादे भागात अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. सोलापूरला २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले आणि तेल्या हा तिथल्या कामाचा मोठा विषय राहिला.

आतापर्यंतच्या संशोधनातून शेतकऱ्याच्या उपयोगाची एक गोष्ट पक्की झाली आहे. अनेक बुरशा पानाची साल स्वतः भेदून आत जातात, या जिवाणूला ते जमत नाही. त्याला पर्णरंध्र लागते किंवा जखम लागते. गारपीट, वाऱ्यात एकमेकांवर घासणारे काटे, कात्रीचा घाव, हे सगळे त्याचे दरवाजे. आत शिरला की तो स्वतःची प्रथिने थेट झाडाच्या पेशीत सोडतो आणि झाडाची प्रतिकारशक्ती दाबून टाकतो. ताम्रयुक्त औषध पानावर बसते आणि बाहेरच्या जिवाणूला मारते. फांदीच्या पेऱ्यात दडलेल्यापर्यंत ते पोहोचत नाही. पेऱ्यावरचा काळा चट्टा ठेवून फवारण्या वाढवत नेल्या तरी पुढच्या पावसाचे थेंब तिथूनच रोग उडवणार.

म्हणून फळे उतरल्यावर झाडाला तीन-चार महिने विश्रांती द्या, शेणखत आणि पाणी चालू ठेवा. छाटणी कोरड्या दिवशीच करा. रोगट फांदी डागाच्या दोन इंच खाली कापा आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कात्री २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. छाटणीची टोळी तुमच्याकडे येण्याआधी कोणाच्या बागेत होती ते विचारा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. खोडाला १० टक्के बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी. छाटलेल्या फांद्या, गळालेली पाने, तडकलेली फळे बांधावर रचू नका, बागेबाहेर नेऊन जाळा. त्यानंतर हेक्टरी २५ किलो ब्लिचिंग पावडर १००० लिटर पाण्यात कालवून झाडाखालच्या जमिनीवर टाका.

छाटणीनंतर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा, लोखंडी भांडे वापरू नका, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा. चकचकीत सुरी त्यात थोडा वेळ बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. पाने-फुले असताना तीव्रता निम्मी ठेवा.

आता स्ट्रेप्टोसायक्लिनविषयी. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही माणसाच्या उपचारातली प्रतिजैविके ९:१ प्रमाणात असतात, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचे औषध. कॅलिफोर्नियातल्या नासपतीच्या बागांत या औषधाला दाद न देणारे जिवाणू १९७१ मध्येच आढळले होते. वारंवार वापर झाला की तग धरणारे जिवाणूच शिल्लक राहतात आणि वाढतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा मसुदा काढला. दर आठ दिवसांनी ते टाकीत ओतण्याची सवय मोडायलाच हवी.

भगवा, गणेश, आरक्ता, मृदुला, कोणतीही प्रचलित जात तेल्यापासून सुरक्षित नाही. हस्त बहाराचा फायदा एवढाच की फळे थंड, कोरड्या हवेत पोसतात. मृग बहाराची फळे ऐन पावसात वाढतात, तिथे रोगाचे फावते. मात्र परतीचा पाऊस लांबला तर हस्ताला ताण नीट बसत नाही, आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाणी पुरणार नसेल तर हा बहार धरूच नये.

नवी लागवड करणाऱ्यांनी गुटी घेताना रोपवाटिकेच्या पाटीवर विसंबू नये. ज्या मातृबागेतून गुटी बांधली ती बाग पावसाळ्यात, रोग जोरात असताना, स्वतः जाऊन पाहा. दूरच्या तालुक्यात तेल्या पोहोचला तो बहुतेक वेळा रोगट बागेतून आणलेल्या रोपांतून. पाहणे शक्य नसेल तर खात्रीची ऊतिसंवर्धित रोपे घ्या, आणि नवी बाग जुन्या रोगट बागेच्या बांधाला लागून लावू नका.